करवंदाचं दुसरं झाड

३ ऑगस्ट, रविवार
शुभदाचं तिकीट झालं. १२ ऑक्टोबर, मुंबईहून. सकाळच्या फोनवर तिनेच सांगितलं आणि लगेच पुढचं वाक्य, "माझं करवंद कसं आहे?" मी कसा आहे ते त्यानंतर. बरोबरच आहे.
म्हटलं, फुललंय. खोटं नाही. फुललंच आहे. अंगणात जाऊन फोटो काढला, पाठवला. पांढरी फुलं, जाईसारखी. तिने उत्तरात लाल बदाम पाठवला. अडीच वर्षांत मला एकही नाही आला.
तीन महिन्यांसाठी म्हणून गेली होती. देवरुखला तिची आई, माई, अर्धांगाने पडल्या. तीनाचे सहा झाले, सहाचे वर्ष, मग मोजणं सोडलं. माई या फेब्रुवारीत गेल्या. त्यानंतर घर आवरणं, भावाबरोबर कागदपत्रं. तिचं री-एन्ट्री परमिट नोव्हेंबरात संपतंय. संपताना ती तिकडे असली तर इथलं पी.आर., कायम राहण्याची परवानगी, गेलं. म्हणजे परमिटसाठी येते आहे, की
विचारलं नाही.
फोटोतलं झाड तिचं नाही. निदान इथे तरी लिहून ठेवतो.

५ ऑगस्ट, मंगळ.
तिचं झाड फेब्रुवारीतच मेलं. मी मारलं.
सात वर्षांपूर्वी माईंच्या कुंपणावरच्या करवंदांच्या बिया तिने पेरल्या होत्या. सहा रुजल्या, एक जगली. तळमजल्याचा फ्लॅट आपण घेतला तोच मुळी मागच्या दहा बाय बाराच्या अंगणासाठी, आणि त्या अंगणात मानाची जागा त्या कुंडीची. चौथ्या वर्षी फळं. बारीक, काळीभोर. रेवा तेव्हा शाळेत. "कोंबडा की कोंबडी?" विचारून मायलेकी एकेक फळ फोडायच्या. आतून लाल निघालं तर कोंबडा.
जाताना बजावलं होतं, "लाड करू नकोस त्याचे. कातळावर वाढणारं झाड आहे. बोट घालून बघ, माती कोरडी लागली तरच पाणी."
फेब्रुवारीत मी नऊ दिवस बाहेर होतो. रेवा युनिव्हर्सिटीच्या हॉस्टेलवर. झाड वाळेल म्हणून मोठं घमेलं पाण्याने भरलं आणि कुंडी त्यात ठेवली. स्वतःच्या हुशारीवर खूश. वर रोज पाऊस. शेजारच्या लिम आंटीने शेवटी कुंपणाच्या फटीतून काठी घालून घमेलं कलंडवलं, डास होतील म्हणून. आलो तेव्हा कुंपणापलीकडून म्हणाली, "युअर ट्री ड्रिंक टू मच, लाह."
पानं पिवळी, मग काळी. उपटलं तर मुळांचा चिखल हातात आला. वाससुद्धा आला.
पुढच्या रविवारी नर्सरीतून तेवढ्याच उंचीचं आणलं. वर पाटीवर करवंदाचं इंग्रजी नाव, 'बेंगॉल करंट'. करंट म्हटल्यावर मला आधी विजेचाच आठवला. त्याच कुंडीत लावलं. जुनं खोड कापून काळ्या पिशवीत घालून कचऱ्यात टाकलं.
नऊ दिवस कुठे होतो ते आज लिहीत नाही.

१० ऑगस्ट, रवि.
रेवा आता नोकरीला लागल्यापासून घरीच असते. सकाळी वन-नॉर्थला ऑफिसात, संध्याकाळी स्वतःच्या खोलीत. झाड बदलल्याचं तिला पहिल्यापासून ठाऊक आहे. आज नाश्त्याला:
"पा, इट्स अ प्लांट. जस्ट टेल हर, लाह."
"सांगेन."
"आई काय तुला खाणारे का?"
तिला वाटतं मी झाडाला घाबरतोय.

१८ ऑगस्ट, सोम.
फळ धरलं! सकाळी ऑफिसला निघताना दिसलं. बोटाच्या पेराएवढी, हिरवी, घोसात. आनंद झाला, खरंच झाला. बाराएक मिनिटं टिकला. तांजोंग पगारला उतरेपर्यंत डोक्यात हिशेब लागला, की ती यायच्या सुमारास पिकतील. चांगलंच की. एक तरी गोष्ट नीट हातात देता येईल.

२७ ऑगस्ट, बुध.
गणपती. संध्याकाळी मंडळाच्या आरतीला गेलो, एकटाच. कुलकर्णी भेटला. "काय रे, वहिनी येणार म्हणे. कायमच्या ना?" "हो, हो," म्हणालो. फार लवकर म्हणालो. कायमचं असं ती एकदाही बोललेली नाही.
मोदक दोन. घरी रेवासाठी दोन.

३१ ऑगस्ट, रवि.
फळं गुलाबी होताहेत.
आधी वाटलं उन्हाने. चष्मा लावून बघितली. एका अंगाला पांढरट, दुसऱ्या अंगाला गुलाबी, माईंच्या करवंदाच्या दुप्पट मोठी. दिसायला फार गोड. ही काळी व्हायची नाहीत. झालीच तर लालबुंद होतील.
व्हिडिओ कॉलवर शु. म्हणाली, "फोन अंगणात ने ना, बघू दे." म्हटलं, पाऊस आहे. पाऊस नव्हता. मागे रेवा उभी होती. तिने भुवया वर केल्या आणि फ्रिज उघडून उगाचच आत बघत राहिली.

७ सप्टेंबर, रवि.
नर्सरीत. काळ्या फळाचं मिळेल का? माणूस म्हणाला, "थाय प्लांट, अंकल. सेम-सेम." फोनवर काळ्या करवंदाचं चित्र दाखवलं. मान हलवली त्याने.
तिथून बसने लिटिल इंडिया. करवंदाचं लोणचं आहे, बाटलीत. ताजं करवंद कुणी ठेवत नाही. दुकानातल्या बाईने हिंदीत विचारलं, "किसी को डोहाळे लगे हैं क्या?" कोल्हापूरच्या निघाल्या त्या. मग मराठीत थोडं बोलणं झालं. "बायको येतेय," म्हटलं तर म्हणाल्या, "मग लोणचं कशाला नेताय, त्या आणतील की तिकडून."

१३ सप्टेंबर, शनि.
आज जे केलं ते लिहायला नको वाटतंय.
सगळी फळं तोडली. कच्चीच. एकही ठेवलं नाही. ती आली की फुलं दिसतील, फळ नसेल, 'या वर्षी धरलंच नाही' म्हणता येईल, असा विचार. हाताला पांढरा चीक, तो जाता जात नाही. डाव्या अंगठ्यात काटा मोडला.
लिम आंटी पलीकडे कपडे वाळत घालत होती. अठ्ठ्याहत्तर वय, नजर घारीची. "व्हाय यू टेक? नॉट राइप यट."
"लोणच्यासाठी," मी म्हटलं. तिलाही खोटंच.
"युअर वाइफ कमिंग, आय टेल हर. फेब्रुवारी यू गो हाँगकाँग, ट्री डाय, यू सिट हिअर अँड क्राय."
गंमत म्हणून बोलली बिचारी. कुंपणाजवळ गेलो. म्हटलं, "आंटी, प्लीज, हाँगकाँगचं तिला सांगू नका."
आंटीने हातातला कपडा दोरीवर टाकला. मग म्हणाली, "आय ओल्ड ऑलरेडी. आय फर्गेट एव्हरीथिंग." आणि एकेक चिमटा लावत राहिली.
अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईला खोटं बोलायला सांगितलं. मी, माधव, वय सत्तावन्न.

१४ सप्टेंबर, रवि.
आता लिहितोच.
माई ८ फेब्रुवारीला गेल्या, शनिवारी पहाटे. शु.चा फोन आला. आवाज एकदम सरळ होता. "तू कधी निघतोस?" म्हटलं, ऑफिसला विचारून सांगतो.
विचारलंच नाही. १५ तारखेपासून नऊ दिवस हाँगकाँग ऑफिसला जायचं ठरलेलं. रीजनल हेडच्या जागेसाठी तीन नावं होती, त्यात माझं. तिथे सगळ्यांना भेटायचं, दोन प्रेझेंटेशनं. ऐन वेळी मागे हटलो तर संपलं, असं वाटलं. खरं म्हणजे तानला, माझ्या साहेबाला, एक वाक्य सांगायचं होतं. ते मी सांगितलं नाही. शु.ला सांगितलं, तान सोडत नाही, रजा नाकारली.
ती म्हणाली, "बरं." वाद घातला असता तर गेलो असतो. हेही खोटं असेल.
रेवाला जायचं होतं आजीसाठी. तिची मिड-टर्म. म्हटलं, मलाच सोडत नाहीत, तू एकटी कशाला, परीक्षा दे. तिने ऐकलं.
जागा तिसऱ्याला मिळाली.

२१ सप्टेंबर, रवि.
फोन. बरीच हसली आज, खूप दिवसांनी. घर रिकामं होत आलंय, माईंच्या साड्या वाटल्या, एक निळी स्वतःसाठी ठेवली. "तिकडे आले की चार दिवस मी फक्त अंगणात बसणार आहे. कुणी काही विचारायचं नाही." म्हटलं, नाही विचारणार.
अंगठा सुजलाय. काटा आतच आहे.

२८ सप्टेंबर, रवि.
सांगितलं.
झाडाचंच सांगायचं ठरवलं होतं. तेवढंच. सकाळी अकराला, तिच्याकडे साडेआठ. पलीकडे कुकरची शिट्टी. म्हटलं, शुभा, तुझं करवंद गेलं. हे दुसरं आहे, नर्सरीतलं.
ती म्हणाली, "मला वाटलंच होतं पानं जरा मोठी आहेत. म्हटलं तिकडच्या पावसाने असतील. कशाने गेलं?"
"पाण्याने. घमेल्यात ठेवलं होतं."
"घमेल्यात? तू घरी असताना?"
इथे थांबता आलं असतं. 'हो' एवढंच म्हणायचं होतं.
"घरी नव्हतो."
"कधीची गोष्ट?"
"फेब्रुवारीतली."
"फेब्रुवारीत कधी?"
तारखा सांगितल्या. पंधरा ते तेवीस. दुसरी शिट्टी झाली, तिसरी. पंधरा तारखेला माईंचा आठवा दिवस होता हे मला मोजावं लागतं, तिला नाही.
"कुठे होतास?"
"हाँगकाँग."
"रजा नाकारली होती ना?"
"मागितली नव्हती."
चौथी शिट्टी झाली. मग ती म्हणाली, "आठ महिने मी त्या तानला शिव्या देतेय, माधव. दादासमोर, वहिनीसमोर, सगळ्या गावासमोर. कसाई म्हटलं मी त्याला. तो बिचारा."
मी काहीतरी बोलायला गेलो.
"कुकर झालाय. ठेवते."

२९ सप्टेंबर, सोम.
फोन नाही. मी केला, उचलला नाही.
ऑफिसात तान लिफ्टमध्ये भेटला. 'गुड वीकेंड?' म्हणाला. त्याच्याकडे बघवेना.

१ ऑक्टोबर, बुध.
रेवाला आईकडून कळलं. खोलीतून बाहेर आली, लॅपटॉप तसाच हातात.
"यू सेड दे डिडन्ट लेट यू."
"हो."
"मी एकटी गेले असते, पा. मिड-टर्म परत देता आली असती. मी प्रोफेसरला विचारलं पण होतं. आय हॅड आस्क्ड." मग मराठीत, हळू, "आजीने मला शेवटी ओळखलं पण नव्हतं फोनवर. मला एकदा जायचं होतं."
ती विचारून आली होती. बावीस वर्षांची पोरगी. मला विचारता आलं नाही.

६ ऑक्टोबर, सोम.
शु.चा मेसेज रेवाला: १२ ला येतेय, एअरपोर्टवर तू ये. 'तू'.
येतेय तरी. की परमिटसाठीच. अंगण झाडलं, बाकी काय करणार. कोनाड्यातली जुनी खुरपी गंजलीय, ती घासत बसलो.

७ ऑक्टोबर, मंगळ.
तानकडे गेलो. म्हटलं, पुढच्या आठवड्यापासून दिवाळीपर्यंत रजा हवी आहे, बायको येते आहे. त्याने स्क्रीनवरून मान वर केली. "ऑफ कोर्स. गो." वर विचारलं, "शी ओके? हर मदर वॉज सिक, राइट?"
त्याला माई गेल्याचंही माहीत नाही. कारण मी सांगितलंच नव्हतं कुणाला.
चार मिनिटं. खुर्चीत बसलोसुद्धा नव्हतो.

१२ ऑक्टोबर, रवि.
आली. बारीक झालीय. कानाजवळचे केस सगळे पांढरे. दारात मी बॅग घ्यायला पुढे झालो, तिने दिलीही. "जड आहे," म्हणाली. तेवढंच.
रेवाच्या खोलीत झोपणार आहे. रेवाने न विचारता गादी घातली होती.
चहा झाल्यावर अंगणात गेली. झाडापाशी बराच वेळ. पान उलटं करून बघितलं, चुरगळून वास घेतला. मी दारात.
"फळं?"
"तोडली."
"का?"
"गुलाबी होती."
हसली. चांगलं हसू नव्हतं ते. "याचा काय दोष रे," म्हणाली. मला की झाडाला, कळलं नाही.
रजा घेतल्याचं सांगितलं. उत्तर आलं, "आता कशाला?"

१४ ऑक्टोबर, मंगळ.
दोन दिवस फक्त कामापुरतं बोलणं. दूध कुठलं, वॉशिंग मशीन बदललं का. लिम आंटीला कोकमं दिली तिने. कुंपणापलीकडून दोघींचं हसणं ऐकू आलं. आंटी मला बघून डोळे मिटल्यासारखं करते, म्हणजे बोललेली नाही. सांग म्हणावं आता. सगळं सांग.
परमिटचा विषय मी काढला. चूक झाली.
"अर्ज भरेन तेव्हा भरेन. भरला म्हणजे राहिले असं नाही, आणि नाही भरला म्हणजे... ते माझं मला बघू दे. तू तारखा नको सांगूस मला."

१६ ऑक्टोबर, गुरु.
सकाळी ती एकटीच बाहेर पडली, एमआरटीच्या ट्रेनने. येऊ का म्हटलं तर नको. दुपारी दोनला आली, पिशवीत नारळ आणि उटणं. दिवाळी करायची आहे रेवासाठी, म्हणाली. भाजणीचा विषय निघाला. मी नारळ फोडून दिले. एक नासका निघाला. ती म्हणाली, "असू दे, दुसरा आहे." आवाज साधा होता. तेवढ्यावर दिवस काढला.

१८ ऑक्टोबर, शनि.
दुपारी जेवणं झाली. रेवा मैत्रिणीकडे. शु. अंगणातल्या खुर्चीत, मी आतलं आवरत होतो. हाक मारली, "इकडे ये. बस." समोरच्या पायरीवर बसलो.
"ते नऊ दिवस सांग मला. एकेक. तू काय केलंस ते सांग, मी काय केलं ते सांगते."
म्हटलं, शुभा, कशाला.
"मला हवंय म्हणून."
पंधरा. मी: विमान, हॉटेल, खिडकीतून पाणी दिसत होतं, शर्टाला इस्त्री केली. ती: रत्नागिरीहून मावशीकडची माणसं आली, तीस-पस्तीस, दूध संपलं, शेजारून आणलं.
सोळा. मी: रविवार, ट्राममध्ये बसून शेवटपर्यंत गेलो आणि परत आलो. ती: झोपायला जागा नव्हती म्हणून पहिल्यांदा माईंच्या कॉटवर झोपली. उशीला तेलाचा वास होता.
सतरा. मी: पहिलं प्रेझेंटेशन. चांगलं झालं. लोकांनी हात मिळवले. किती वाजता, तिने विचारलं. दहाला सुरू, म्हणजे तिच्याकडे साडेसात. नाही, तेव्हा अजून नदीवर गेलो नव्हतो, म्हणाली. संपलं कधी? साडेबारा. मग तू जेवायला गेला असशील. हो. कुठे? माशांच्या हॉटेलात.
"तेव्हा आम्ही नदीवर होतो. दहावा. पिंडाला कावळा शिवेना. एक तास. दादाने सगळं बोलून झालं, घराला बघीन, गाय विकणार नाही, शुभाला अंतर देणार नाही. कावळा येऊन बाजूला बसायचा नुसता. भटजी म्हणाले, अजून कुणाचं काही राहिलंय का. मग मी पुढे गेले." झाडाकडे नाही, माझ्याकडे बघत होती. "मी म्हटलं, माई, माधवला यायचं होतं गं. त्याला सोडत नाहीत. त्याच्यावर राग धरू नकोस. आणि शिवला."
मी मान खाली घातली तर म्हणाली, "वर बघ. अठरा."
अठरा मी सांगितला. एकोणीस सांगितला. त्या दिवशी तिला ताप होता, कुणाला सांगितलं नव्हतं. वीस तारखेला मला कळलं होतं की जागा हातची गेली. रात्री सगळ्यांबरोबर हसून जेवलो आणि खोलीत येऊन टीव्ही लावला. ती म्हणाली, "तेरावा. गोड करायचं असतं. शिरा केला मी. करपला. लोकांनी खाल्ला तसाच."
मग उठली. गुडघ्यावर हात ठेवून, हळू. मी हात पुढे केला होता, तो दिसला नाही तिला, किंवा दिसला.
"आज एवढं पुरे. उरलेलं उद्या."
आत गेली. दार लावलं नाही.
तीन दिवस उरलेत. एकवीस, बावीस, तेवीस. तासभर कागद घेऊन बसलोय. बावीस तारखेला मी काय केलं ते काही केल्या आठवत नाही.